पुढे गेलेली गाडी

रविराजच्या आईला अक्रोडाची पिशवी आणि एक लोकरी शाल पोचवायची, एवढंच काम होतं.

रविराज आणि दिग्विजय एकाच पलटणीतले. दिग्विजय कराडजवळचा, ऊस पिकवणाऱ्या घरातला. रविराज आटपाडीच्या बाजूचा, मेंढरांमागं वाढलेला. या खेपेला रविराजला सुट्टी मिळाली नाही, तेव्हा त्यानं हे सामान दिग्विजयच्या ट्रंकेत कोंबलं आणि बजावलं, “आमच्या म्हातारीच्या हातातच दे. पार्सल आलं की तिला वाटतं, पोराचं काय तरी बरंवाईट झालं.”

सामान ट्रंकेतच राहिलं आणि सुट्टी संपत आली. शेवटी दिग्विजयच्या बायकोनं, प्रियदर्शनीनंच विषय काढला.

“मी पण येते. आणि विट्याच्या मोठ्या रस्त्यानं नको. औंधावरनं, दहिवडीवरनं जाऊ. तिथनं पुढं आडरस्ते आहेत म्हणे, माळावरचे. एकदा तरी दोघंच कुठंतरी जाऊ, अहो.”

“त्या माळावर बघायला काय आहे? बाभळी?”

“बाभळी तर बाभळी.”

तो हसला आणि तयार झाला. तो हसला की प्रियदर्शनीला बरं वाटायचं, पण त्याचबरोबर थोडं नवलही वाटायचं, कारण ते हसू तिच्या पुरत्या ओळखीचं नव्हतं. लग्न होऊन बरीच वर्षं झाली होती, पण संसार सगळा सुट्ट्यांमधला. फोनवरचा दिग्विजय तिला पक्का माहीत होता. तो कधी थकलाय, कधी खोटं बोलतोय, कधी जेवण सोडून फोन करतोय, हे ती नुसत्या आवाजावरून सांगायची. समोर येऊन बसलेला दिग्विजय मात्र दर सुट्टीला नव्यानं ओळखून घ्यावा लागे. ओळख पटत आली की ट्रंक भरायची वेळ व्हायची.

सकाळी दोघं आपल्या पांढऱ्या गाडीतून निघाले, मागच्या काचेवर झेंडा चिकटवलेला. औंधापर्यंत उसाची हिरवाई सोबतीला होती. वडूज गेलं आणि रंग उतरत गेला. दहिवडी मागं टाकून त्यांनी मोठा रस्ता सोडला, तेव्हा दोन्ही बाजूंना नुसता माळ उरला. शाळू काढून झालेला, रानात नुसते बुडखे. लांब डोंगराच्या कण्यावर पवनचक्क्या उभ्या. कुठं एखादं पत्र्याचं घर, कुठं बांधासारखी रचलेली दगडांची ताल. वारा मात्र एकसारखा, गाडीच्या काचेला फुफाटा घासत चाललेला. प्रियदर्शनी काच खाली करायची, परत वर घ्यायची. आज तिला एका जागी बसवत नव्हतं. कारण काही नव्हतं.

एका वळणावर चहाची टपरी लागली. पत्र्यावर चुन्यानं लिहिलं होतं, राहीबाई टी सेंटर. आत एक म्हातारी स्टोव्हला पिन मारत बसली होती. गाडीचा आवाज ऐकून तिनं मान वर केली आणि डोळे बारीक केले.

“का वो? माघारी आलासा? काय इसरलं का?”

“आम्ही पहिल्यांदाच येतोय, मावशी,” दिग्विजय म्हणाला. “दोन चहा द्या.”

राहीबाईनं स्टोव्ह पेटवला. तिनं चहा केला, एक कप आधी गाळून बाजूला ठेवला आणि मग पातेल्यात साखर टाकली. पहिला कप तिनं दिग्विजयच्या हातात दिला.

“ह्यो तुमचा. बिनसाखरंचा.”

दिग्विजयनं प्रियदर्शनीकडं पाहिलं. तो बिनसाखरेचाच पितो. पण तसं त्यानं सांगितलं नव्हतं.

“आन् तुझं बोट गं? ठणकतंय का अजून? मगाशी हळद देत हुते तर ऐकलं न्हाईस.”

“माझं बोट?”

प्रियदर्शनीनं दोन्ही हात पुढं धरले. साधा ओरखडासुद्धा नव्हता. राहीबाई जवळ आली. तिनं प्रियदर्शनीचा डावा हात धरून उलटापालटा केला, एकेक बोट चाचपून पाहिलं. मग तिनं तो हात एकदम सोडला आणि आपला तळवा पदराला पुसला.

“आसंल... दुसरं कोन तरी आसंल,” ती पाठ करून म्हणाली. “पांढरीच गाडी. मागच्या काचंला झेंडा चिटकवल्याला. असाच मिल्ट्रीवाला गडी.”

गाडीत बसल्यावर दिग्विजय म्हणाला, “या भागात घराआड एक फौजी आहे. पांढऱ्या गाड्या तर विचारूच नको.”

“आणि बिनसाखरेचा चहा?”

“निम्मी दुनिया बिनसाखरेचा पिते.”

तिला ते पटलं. निदान पटवून घ्यावंसं वाटलं.

पुढं रस्ता चढणीला लागला. वर पवनचक्क्यांची रांग अगदी जवळ आली. पात्यांचा तो आवाज, कुणीतरी झोपेत धापा टाकाव्यात तसा, काच बंद असूनही आत येत होता. वरून सगळा माण खोऱ्याचा पसारा दिसत होता. खाली कुठंतरी एका तळ्याचं पाणी चमकत होतं. दिग्विजयनं गाडी थांबवली. प्रियदर्शनी फोटो काढायला उतरली. कडेला काटेरी तारेचं कुंपण होतं. वाऱ्यानं तिची ओढणी उडून तारेत अडकली, ती सोडवायला तिनं हात घातला, आणि त्याच वेळी वाऱ्याचा झोत असा आला की ओढणी ताणली गेली आणि तार तिच्या बोटावरून सरकत गेली.

डाव्या हाताचं बोट. जखम लहान, पण रक्त थांबेना.

दिग्विजयनं खिशातला रुमाल काढून घट्ट गुंडाळला. त्याचं डोकं तिच्या हातावर वाकलेलं होतं. दोघांच्याही मनात एकच गोष्ट होती, आणि दोघांनीही ती बोलून दाखवली नाही.

“चल,” एवढंच तो म्हणाला.

चढण उतरून खाली आल्यावर रस्त्यात मेंढरं आडवी आली. मागून तांबडा पटका बांधलेला एक धनगर काठी खांद्यावर आडवी टाकून येत होता. दिग्विजयनं काच खाली करून आटपाडीचा रस्ता विचारला.

धनगर वाकून आत बघू लागला. “आरं, मगाशी ह्या केरबानं सांगितलं की तुमास्नी! वढा वलांडा, बिरोबाच्या देवळापाशी डावी धरा. माजं सांगनं ध्येनात न्हाई ऱ्हायलं व्हय?” मग त्याची नजर प्रियदर्शनीकडं गेली आणि आवाज मऊ झाला. “बरं झालं ताई, गप झालासा. लय रडत हुतासा.”

प्रियदर्शनी पुढं झुकली. “काका, मी रडले नाही. आम्ही इथं आत्ताच येतोय.”

“आमचं भांडणसुद्धा झालेलं नाही,” दिग्विजय म्हणाला. त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही.

केरबानं काठी खांद्यावरून खाली घेतली. मेंढरं गाडीला अंग घासत पुढं जात होती, त्यांच्या लोकरीचा उग्र वास गाडीत भरला होता.

“झालं नसंल तर करू नगा,” तो म्हणाला. “घरी जाऊन करा काय करायचं ते. आन् पावणं... ह्या रानात बाईमानसाला एकलं सोडू नगा.”

“का? काय आहे या रानात?”

तोंडानं चुच्च करत तो मेंढरांमागं निघून गेला.

गाडी थोडी पुढं गेली असेल नसेल, प्रियदर्शनी म्हणाली, “माघारी फिरू या.”

“अगं...”

“माघारी फिरू या, अहो. आपल्या पुढं कोणीतरी चाललंय. आपल्यासारखंच. त्यांचं जे होतंय ते मागनं आपलं होतंय. बोट कापलं की नाही माझं?”

“तारेत हात घातलास, कापलं.”

“तिनं आधी सांगितलं होतं!”

“म्हातारी माणसं काहीही बोलतात. रविराजच्या आईनं सकाळपासून रांधून ठेवलं असेल. मी तिला येतो म्हणून फोन केलाय.” आता त्याचाही आवाज चढला होता. “तुला जरा घराबाहेर काढलं की हे असं. उगाच नाही मी क्वार्टरला नको म्हणालो.”

बोलून गेला आणि त्यानं जीभ चावली.

“कुठलं क्वार्टर?” तिनं विचारलं.

त्यानं रस्त्यातला एक खड्डा चुकवला.

“अहो, कुठलं क्वार्टर?”

“फॅमिली क्वार्टर मिळत होतं. गेल्या वर्षी. माझा नंबर लागला होता.” त्यानं गिअर उगाच बदलला. “आई एकटी पडली असती. तुला तिकडं करमलंही नसतं. भाषा नाही, माणसं नाहीत. मी दुसऱ्याला दिलं.”

गेल्या वर्षभरातली प्रत्येक संध्याकाळ प्रियदर्शनीच्या डोळ्यांसमोरून गेली. हातात फोन घेऊन माडीवर, जिथं रेंज येते तिथं, कोपऱ्यात उभी असलेली ती. मग तिला भरून आलं आणि काही केल्या आवरेना.

“गाडी थांबवा.”

“प्रिया...”

“थांबवा म्हणते ना!”

त्यानं एका निंबाच्या सावलीत गाडी थांबवली. ती दार आपटून उतरली आणि समोर दिसणाऱ्या ओढ्याकडं चालू लागली. ओढा कोरडा होता. दोन्ही बाजूंना बाभळीची दाटी, मधे पांढरी वाळू. ती खाली उतरून एका दगडावर बसली आणि मोकळेपणानं रडली. एवढी मोकळी ती सासरी कधी रडली नव्हती. रडता रडता केरबाचे शब्द आठवले आणि रडणं जागच्या जागी थिजलं.

‘लय रडत हुतासा.’

ओढ्यात वारा नव्हता. वर सगळा माळ घोंघावत होता आणि इथं बाभळीचं पानसुद्धा हलत नव्हतं. ओल्या राखेसारखा काहीतरी वास येत होता.

वरून हाक आली. “प्रिया!”

दिग्विजयचीच. ती रागात होती, तिनं ओ दिली नाही.

जरा वेळानं परत हाक आली. “प्रिया...!” या वेळी ती ओढ्याच्या पलीकडच्या बाजूनं आली, जिकडं रस्ताच नव्हता. आवाज लांब गेलेला, घाबरलेला. मग कुठंतरी गाडी सुरू झाल्याचा आवाज, तो दूर जात गेला, विरला. आणि मग काहीच नाही.

प्रियदर्शनी उठली. तिला एकदम वाटलं, तो सोडून गेला. वाळूत पाय रुतत होते, बाभळीचे काटे ओढणीला धरत होते, तरी ती धडपडत वर आली.

गाडी होती. निंबाखाली नव्हती, जरा पुढं, उघड्या उन्हात उभी होती. दिग्विजय आत बसला होता, दोन्ही हात स्टिअरिंगवर, नजर समोर.

“बस,” तो म्हणाला.

ती बसली. मग तिनं विचारलं, “तुम्ही मला हाका मारत होता?”

“नाही,” तो म्हणाला. “मी इथंच आहे मघापासून.”

ऊन कलायला लागलं होतं. फोनला रेंज नव्हती. बिरोबाचं देऊळ आलं. लहानसं, दगडी, समोर हातपंप, आणि पारावर घोंगडं अंथरून एक म्हातारा बसलेला. गाडीतलं पाणी संपलं होतं. दिग्विजय बाटली घेऊन उतरला.

प्रियदर्शनीनं काच खाली घेतली. आता तिला प्रत्येक शब्द ऐकायचा होता.

म्हातारा दिग्विजयला बघून लगबगीनं उठला. “घावली का वो?”

“कोण?”

“तुमची बायकू! मगाशी येऊन गेलासा न्हवं? हातपाय धुळीनं भरल्यालं, घामाघूम. ‘आकारामदादा, वढ्यात उतरली, वर आलीच न्हाई, समदा वढा पालथा घातला,’ म्हनत हुतासा. म्या म्हनलं, वस्तीवरनं मानसं घेऊन येतो, तर थांबला न्हाईसा. घावली का न्हाई?”

दिग्विजयच्या हातातली बाटली खाली आली. त्यानं वळून गाडीकडं पाहिलं. आकारामनंही पाहिलं.

प्रियदर्शनीला वाटलं, म्हातारा आता हसेल, सुटकेचा श्वास टाकेल. पण त्यानं एक पाऊल मागं घेतलं. मग आणखी एक. पाराला पाय लागला तेव्हा थांबला आणि अगदी हळू आवाजात त्यानं दिग्विजयला विचारलं, “ही... कवापास्नं हाय गाडीत?”

दिग्विजय पाणी न भरताच आला. पण आत बसला नाही. दार उघडं धरून तिच्याकडं बघत उभा राहिला. असं त्यानं तिच्याकडं कधीच पाहिलं नव्हतं. नाक्यावर अनोळखी माणसाला थांबवून बघावं, तसं.

“प्रिया,” तो म्हणाला, “आपल्या हळदीच्या दिवशी काय झालं होतं?”

तिला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा अंगावर सरसरून काटा आला.

“वावटळ आली होती,” ती म्हणाली. “मांडव उडत होता. तुम्ही हळदीच्या अंगानं खांब धरून उभे राहिलात. सगळे हसले तुम्हाला.”

त्यानं श्वास सोडला.

“आता मी विचारते,” ती म्हणाली. “लग्न ठरल्यावर पहिल्या फोनवर तुम्ही मला काय विचारलंत?”

तो क्षणभर थांबला. फार नाही, पण थांबला.

“जेवलीस का, म्हणून विचारलं. दुसरं काही सुचलं नव्हतं.”

बरोबर होतं. तरीही प्रियदर्शनीच्या मनातली धाकधूक गेली नाही. उत्तरं दोघांचीही बरोबर होती आणि भीती दोघांच्याही डोळ्यांत तशीच होती. आकाराम पारामागं जाऊन उभा राहिला होता. गाडी वळून दिसेनाशी होईपर्यंत तो तिथनं हलला नाही.

आता दिवस मावळतीला आला. माळावरचा उजेड तांबूस होऊन दाट झाला, बाभळींच्या सावल्या रस्ता ओलांडून पलीकडं गेल्या. दिग्विजय एका हातानं गाडी चालवत होता. दुसऱ्या हातानं त्यानं तिचं मनगट धरलं होतं. प्रेमानं धरलं होतं की ती उतरून जाऊ नये म्हणून, हे तिला कळत नव्हतं. तिनंही हात सोडवून घेतला नाही.

“आता काही झालं तरी उतरायचं नाही,” तो म्हणाला.

“नाही उतरत.”

एका लांबलचक सरळ पट्ट्यावर त्यांना ती गाडी दिसली.

पांढरी. रस्त्याच्या कडेला, तोंड त्यांच्याकडं करून उभी. डाव्या बाजूचं दार सताड उघडं. मागच्या काचेचं काही दिसायचं कारण नव्हतं, पण नंबर दिसत होता, आणि प्रियदर्शनीनं तो वाचला. तिनं परत वाचला.

“बघू नको,” दिग्विजय म्हणाला आणि त्यानं वेग वाढवला.

ती बघतच होती. त्या गाडीत एक माणूस स्टिअरिंगवर डोकं टेकून बसला होता. यांच्या गाडीचा आवाज ऐकून त्यानं डोकं वर केलं. चेहरा धुळीनं माखलेला, त्यावरून घामाचे किंवा आसवांचे ओघळ. गाडी अगदी शेजारून गेली तेव्हा हातभर अंतरावरून त्याची आणि तिची नजरानजर झाली.

दिग्विजय होता.

तो धडपडून बाहेर पडला. आरशात तिला दिसलं, तो रस्त्याच्या मधोमध धावत येत होता, दोन्ही हात वर करून.

“प्रिया! प्रिया, थांब! अगं कुणाच्या गाडीत...”

पुढचं वाऱ्यानं नेलं. पण तो आवाज तिनं ओळखला. माडीच्या कोपऱ्यात उभं राहून कानाला लावलेला, इतकी वर्षं नुसता ऐकलेला, ज्याच्यात तिची कधीच चूक झाली नव्हती, तो आवाज. तिचा हात आपोआप दाराच्या कडीवर गेला.

मनगटावरची पकड घट्ट झाली.

“प्रिया,” शेजारचा म्हणाला, “तू म्हणालीस, उतरत नाही.”

त्यालाही रडू येत होतं. कपाळावरची शीर फुगली होती, आणि तो इतका घाबरलेला होता, इतका तिच्या आधारावर टेकलेला होता, की तिनं कडीवरचा हात काढला. आरशातला माणूस लहान होत गेला. मग धुळीत दिसेनासा झाला. वळण येईपर्यंत हाका मात्र ऐकू येत होत्या.

दिवेलागण झाली तेव्हा ते आटपाडीजवळ रविराजच्या घरी पोचले. दारात बल्ब लावलेला होता, चुलीचा धूर येत होता. रविराजची आई, सुलाबाई, दोघांवरून भाकरतुकडा ओवाळून टाकायला पुढं आली. प्रियदर्शनी जीव मुठीत धरून तिच्या तोंडाकडं बघत होती. आता ही काय म्हणते, मगाशीच येऊन गेलासा की काय. पण सुलाबाईनं शाल उलगडून छातीशी धरली आणि म्हणाली, “माजा रवी बरा हाय न्हवं? वाळला न्हाई न्हवं?” एवढंच. बाजरीची भाकरी, हुलग्याचं माडगं, वर तूप. प्रियदर्शनीचं बांधलेलं बोट बघून तिनं हळद लावली. निघताना तिचा नंबर घेतला, “पोरगी न्हाई मला, तूच फोन कर कवातरी.” त्या घरात भीतीला जागाच नव्हती. दुसऱ्या दिवशी ते विट्याच्या मोठ्या रस्त्यानं, गर्दीतून, घरी आले.

त्या गाडीबद्दल दोघं पुन्हा कधीच बोलले नाहीत.

सुट्टी संपायच्या आधी दिग्विजयनं आईला सांगितलं, प्रियाला मी घेऊन जाणार. घरी धाकटा भाऊ जयराज होताच, आई एकटी पडेल हे या खेपेला तो बोलला नाही. त्यानं अर्ज केला, खटपट केली, आणि पावसाळा संपता संपता प्रियदर्शनी पठाणकोटच्या क्वार्टरमध्ये राहायला गेली. दोन खोल्या, मागं मोसंबीचं झाड. दिग्विजय पूर्वीपेक्षा शांत झाला होता. तिचं बोलणं पुरं होईपर्यंत ऐकायचा, भाजी निवडायला बसायचा, ड्युटीवर जाताना दारातून मागं वळून बघायचा, ती आहे ना म्हणून. शेजारच्या पंजाबी बायका म्हणायच्या, असा नवरा नशिबानं मिळतो. तिलाही तसंच वाटायचं. हवं होतं ते सगळं मिळालं होतं.

फक्त कधी कधी, दुपारी घरात एकटी असताना, कपड्यांच्या घड्या घालता घालता तिचे हात थांबायचे. निंबाखाली सोडलेली गाडी उन्हात कशी आली? ओढ्यातून वर आल्यावर आपण कुणाच्या गाडीत बसलो? आणि तो जो धावत होता, त्याचं पुढं काय झालं? मग ती घाईघाईनं रेडिओ लावायची.

थंडी पडायला लागली होती. रविवारी सकाळी दिग्विजय समोर पाटावर बसून लसूण सोलत होता, गॅसवर कुकर होता. फोन वाजला. प्रियदर्शनीनं उचलला.

“पोरी, सुलाबाई बोलतीया. आटपाडीस्नं. रवीची आई.”

“बोला ना, आई,” असं म्हणायला प्रियदर्शनीनं तोंड उघडलं, पण सुलाबाई थांबलीच नाही. ती दबक्या आवाजात, पदर तोंडाशी धरून बोलावं तसं बोलत होती.

“बाई, तुजा मालक आलाय बग हितं. उंबऱ्यात बसलाय. दाडी वाडलीया, पायात वहाना न्हाईत, पाय फुटल्यात. तुला हुडकत हिंडतोय म्हनतो. म्या म्हनलं, आरं येड्या, ती तिकडं क्वाटरला हाय, मजेत हाय. तर माज्याकडं नुसता बगत बसलाय. त्येला काय सांगू गं?”

फोन तिनं कानाशी घट्ट दाबून धरला होता. कुकरची शिट्टी झाली, लागोपाठ दुसरी झाली, स्वयंपाकघर त्या आवाजानं भरून गेलं.

दिग्विजयचे हात थांबले. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं. कुणाचा फोन, हे त्यानं विचारलं नाही. तो सावकाश उठला, गॅस बंद केला आणि पाठमोराच उभा राहिला.

“आधी पाणी द्या म्हणावं त्याला,” तो म्हणाला. “लय चाललाय तो.”